टकटक मावशींची शटलं

आमच्या टकटक मावशी घाबरण्यात पटाईत होत्या. साधं दचकणं तुम्ही-आम्हीही करतो. मावशी रीतसर, पूर्वतयारीनिशी घाबरायच्या. कुकर लावला की तिसरी शिट्टी होईपर्यंत त्या स्वयंपाकघराबाहेर उभ्या. अनोळखी नंबरवरून फोन आला की फोन उशीखाली. कबुतर खिडकीत आलं की मावशी पलंगावर. डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रस्त्यावरच्या आमच्या तीन मजली सोसायटीत त्यांचं दार माझ्या दारासमोर होतं, त्यामुळे या सगळ्या प्रयोगांना पहिल्या रांगेतली खुर्ची मला कायमची फुकट मिळालेली. "मी आधीच घाबरून ठेवते रे नंदू," त्या म्हणायच्या, "म्हणजे खरंच काही झालं की ऐनवेळी धावपळ नको."

टकटक हे नाव मी ठेवलं. सोसायटीतली बरीच नावं मीच ठेवली आहेत, पण हे एकच नाव ज्याचं त्याला आवडलं. मावशी टॅटिंग करायच्या. ज्यांच्या घरी रुमालांना आणि टीव्हीवरच्या कापडाला ती नाजूक गोल-गोल जाळीची लेस होती, त्यांना जास्त सांगायला नको. क्रोशाला सुई लागते, टॅटिंगला शटल. होडीच्या आकाराची दोन पातळ पानं, बोटभर लांब, मधे एका खुंटीवर जोडलेली. खुंटीवर दोरा गुंडाळलेला आणि पानांची टोकं एकमेकांना चिकटलेली. दोरा सोडताना तो त्या टोकांतून निसटतो आणि आवाज होतो, टक. मावशी दुपारभर बाल्कनीत बसून टक, टक, टक. आवाज थांबला की मी समजायचो, मावशी घाबरल्या.

त्यांची भीती लेसमध्ये वाचता यायची, हे मला फार उशिरा कळलं. एकदा त्यांनी एक लांबलचक पट्टी माझ्यासमोर उलगडली. मधेच काही गोल इतके आवळलेले, की जणू कोणी त्यांचा गळा धरलाय. "ही गाठ सैल हातानं मारावी लागते," त्या म्हणाल्या. "हा गोल बघ. डासांचा धूर करायला माणसं आलेली ना, तेव्हाचा. आणि हा, शेजारच्या बिल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर उडाला तेव्हाचा."

"आणि हे सलग आठ गोल?"

"तू नवीन स्कूटर घेतलीस आणि मला मागे बसवून कल्याणला नेलंस, त्याच्या दुसऱ्या दिवशीचे."

शटलं त्या स्वतः बनवायच्या. काका, म्हणजे त्यांचे यजमान, मानपाड्याच्या एका कारखान्यात ओतकामासाठी लाकडी साचे करत. ते गेले आणि त्यांची कानस, बारीक करवत, पटाशी मावशींकडे राहिली. कुकरला भिणारी ही बाई करवत मात्र अशी चालवायची की बघणारा घाबरावा. लाकूड कुठूनही यायचं. जोशींच्या दाराची सागवानी चौकट बदलली, त्यातला तुकडा. रस्त्यावर कडुलिंब छाटला, त्याची फांदी. मोडक्या पाटाची शिसवी पट्टी. देवघरातलं झिजून बोटाएवढं झालेलं चंदनाचं खोड माझ्या बायकोकडून, स्मिताकडून, मागून नेलं आणि त्याची नुसती पानं काढून दुसऱ्या लाकडाच्या खुंटीवर बसवली. गोंद सुकेपर्यंत शटलाला कपड्यांचे चिमटे लावलेले असायचे. बाल्कनीच्या दोरीवर परकर, टॉवेल आणि मधे चार शटलं. शेवटी पॉलिशपेपरनं घासून झालं की ते गालावरून फिरवायच्या. "गालाला बोचलं नाही, म्हणजे दोऱ्याला बोचणार नाही."

एक गोष्ट मला चमत्कारिक वाटायची. पूर्वी त्यांना दोन शटलं पुरत. मग सात झाली, मग अकरा. प्रत्येक लाकडाचा दोरा ठरलेला. चंदनावर पांढरा, कडुलिंबावर हिरवा, शिसवावर लाल. वर पाठीवर खाचा, एक, दोन, तीन. काम सुरू करण्याआधी त्या शटल नाकाशी नेऊन हुंगायच्या. मी काय करावं? मी ते हुंगणं पाठ केलं आणि प्रत्येक पार्टीत त्याची नक्कल केली. लोक हसून हसून लोळायचे. मावशीही.

माझा दुसरा आवडता खेळ सांगायला आज जीभ अडखळते. मी त्यांच्या उघड्या दारातून हळूच आत जायचो, त्यांच्या डाव्या हाताला उभा राहायचो आणि कानाशी म्हणायचो, "हूं!" मावशी खुर्चीतून वीतभर उडायच्या. शटल एकीकडे, चष्मा एकीकडे. "मेल्या, आता एक दिवस मरेन मी!" नंतरची दोन वर्षं तर हा खेळ फारच रंगायचा. पूर्वी मी दारात असतानाच मावशी हसून म्हणायच्या, "ये, ये." आता मी अगदी शेजारी येऊन उभा राहिलो, तरी पत्ता नाही. मला वाटलं, मी कसलेला कलावंत झालो.

एका दुपारी गेलो तर मावशी डोळे मिटून टॅटिंग करत होत्या. हात चाललेला, टक, टक. मी इतका चकित झालो की हूं करायचंच विसरलो.

"मावशी, हे काय?"

"सराव करतेय."

"कशाचा?"

"असाच रे. हाताला वळण नको का?"

माझ्या डोक्यात घंटा वाजली, पण चुकीची. महिनाभरानं सोसायटीचा वर्धापनदिन होता आणि निवेदक अर्थातच मी. मी जाहीर करून टाकलं: डोळ्यांवर पट्टी बांधून टॅटिंग! मावशी माइकला भ्यायच्या, गच्चीला भ्यायच्या, माणसांना भ्यायच्या. त्या नाही म्हणतील याची खात्री होती. पण त्या म्हणाल्या, "बघू या तरी. चार माणसांत जमतं का ते कळेल."

काय प्रयोग झाला! स्मितानं मावशींच्या डोळ्यांवर काळा दुपट्टा बांधला. ताटात सगळी शटलं कालवून ठेवली. मी माइकवरून आवाज खोल केला. मावशींनी एक उचललं, हुंगलं, अंगठा पाठीवरून फिरवला. "चंदन. पांढरा." गच्चीवर हुंकार उठला. दुसरं. "कडुलिंब. हिरवा." एकही चुकलं नाही. मग डाव्या बोटांवर दोरा ताणून त्यांनी गाठी मारल्या, दोरा ओढला आणि गोल मिटला. पूर्ण, सारखा, कुठेही आवळलेला नाही. टाळ्या थांबेनात. मी दुपट्टा सोडला. सेक्रेटरी डावीकडून पुष्पगुच्छ घेऊन आले आणि त्यांनी तो मावशींच्या खांद्याशी धरला.

मावशी समोर बघून हसत राहिल्या.

सेक्रेटरींनी गुच्छ जरा हलवला. मावशी समोरच. गुच्छ त्यांच्या कानापासून वीतभर अंतरावर लोंबत होता. लोक खुसखुसायला लागले. आणि मी, माइक हातात असलेला मी, म्हणालो, "मावशी, पट्टी सोडलीय हो आता!" अख्खी गच्ची हसली. मावशींनी सगळी मान वळवली, गुच्छ दिसला, त्या दचकल्या आणि तो घेतला. लोकांना वाटलं, मावशीही काय अभिनय करतात! मी मात्र माइक खाली केला. अभिनय मला कळतो. हा नव्हता.

पाण्याच्या टाकीमागे पडदा बांधून आम्ही विंग केली होती. तिथे त्या स्टुलावर बसल्या.

"कधीचे उभे होते रे सेक्रेटरी?"

"बराच वेळ."

"मला कडेचं दिसत नाही, नंदू. डावीकडचं तर जवळजवळ नाहीच. भोकातून बघितल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं." गुच्छाचा कागद त्यांच्या हातात कुरकुरत होता. "आईचं असंच झालेलं. आधी कडा गेल्या, मग मधलं. शेवटची सात वर्षं भिंत धरून चालली. म्हणून हाताला आणि नाकाला शिकवून ठेवतेय. दिवस काढायला काहीतरी हवं ना."

"डॉक्टरकडे गेलात?"

"नाही. डॉक्टर त्याचं नाव घेतील. मग ते खरं होईल." मग माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "वर्षाला सांगायचं नाही. तुला माझी शपथ." वर्षा म्हणजे त्यांची मुलगी, कल्याणला राहणारी.

त्या रात्री मला झोप आली नाही. अकरा शटलं का झाली, ते कळलं. कबुतरं कुठून येत होती, तेही कळलं. कुठूनच येत नव्हती. एकदम समोर प्रकट होत होती. आणि मी दोन वर्षं एका बाईच्या न दिसणाऱ्या बाजूला उभं राहून माझ्या कलेवर खूश होत होतो.

पुढचे पाच दिवस मी शपथ पाळली. माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या सोसायटीला माहीत आहे, पण हे राहिलं, दगडासारखं. दोन्ही डोळ्यांशी मुठींच्या दुर्बिणी धरून मी घरात चालून बघितलं. दारावर आपटलो, स्मिताचा चहा सांडला. मग मी गपचूप दरवाजा लावून घेतला आणि घामाघूम होऊन बसलो. मावशींचा जिना, बावीस पायऱ्यांचा, त्याला कठडा फक्त डावीकडे. समोरचं तेवढंही गेलं तर?

रोज मी त्यांच्याकडे जायचो आणि बसायचो. चल म्हणायला शब्द फुटायचा नाही. सहाव्या दिवशी मावशींनी शटल खाली ठेवलं.

"बोल की काहीतरी."

मी मान हलवली.

"कोणाची नक्कल कर."

मला जमलं नाही. मावशींनी मान वळवून मला समोर घेतलं आणि बराच वेळ बघितलं. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. "तू गप्प बसतोस म्हणजे फारच वाईट असणार," त्या म्हणाल्या. "डॉक्टर परवडला. कुठे आहे तो?"

ठाण्याला, नौपाड्यात होता. वर्षाला त्यांनी स्वतःच फोन केला. ती कल्याणहून थेट तिथे आली. तपासणी अशी, की मोठ्या पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं, आत कुठेही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी यंत्र चालवणाऱ्या मुलीच्या मागे उभा होतो. तिच्या पडद्यावर कुठे ठिपका लागला ते दिसत होतं. मधे लागला, मावशींनी दाबलं. वर लागला, दाबलं. डावीकडे लागला. बोट हललं नाही. परत डावीकडे. बोट तसंच. आणखी एक, आणखी एक. मी मनात ओरडत होतो, दाबा, मावशी, दाबा हो! आयुष्यात इतकी भीती मला कुठल्याही रंगमंचावर वाटली नाही. शेजारी वर्षानं तोंडावर पदर धरला होता. मावशी मात्र पाठ ताठ करून, जे दिसतच नव्हतं त्याची वाट बघत होत्या.

डॉक्टरांनी नाव घेतलं. काचबिंदू. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं थेंब घालून टिकवता येईल, पण एक दिवसही चुकवायचं नाही. "दोन वर्षं आधी यायला हवं होतं," असं ते सहज म्हणाले आणि चिठ्ठी लिहायला लागले.

वर्षा औषधं घ्यायला दुकानात गेली, तेव्हा फुटपाथवर मी मावशींना हूंबद्दल सगळं सांगितलं. माफी वगैरे मागायला मला येत नाही, पण त्या दिवशी मागितली.

"अरे, तुझ्या चपला वाजतात," मावशी म्हणाल्या. "दहातून सात वेळा मला कळायचं, आला नाटक्या म्हणून. मी आपली उडायचे. तू खूश व्हायचास."

"आणि उरलेल्या तीन वेळा?"

"तेव्हा खरंच जीव जायचा रे," त्या म्हणाल्या, आणि रस्त्यातच हसायला लागल्या. मला हसता येईना.

थेंबांनी काम केलं. चार वर्षं नजर होती तेवढीच राहिली. मावशी सकाळ-संध्याकाळ थेंब घालताना घाबरायच्या आणि घालायच्या. पण जिना त्यांना झेपेना. शेवटी वर्षानं त्यांना कल्याणला नेलं. तिथे दीड वर्ष राहून त्या न्यूमोनियानं गेल्या. शेवटच्या दिवसापर्यंत समोरचं दिसत होतं, असं वर्षानं सांगितलं, आणि मी फोनवर दोनदा विचारून घेतलं.

पण मला आठवतो तो त्यांनी डोंबिवली सोडली तो दिवस. टेम्पोत कपाट चढलं, काकांच्या हत्यारांची पेटी चढली. मावशी रिक्षात बसल्या. मी निरोपाचं भाषण तयार केलं होतं, त्यात तीन ठिकाणी हशा होता. मी वाकून अगदी त्यांच्या तोंडाजवळ गेलो.

"इतक्या जवळून तुझं नुसतं नाक दिसतं," मावशी म्हणाल्या. "मागे हो."

मी एक पाऊल मागे झालो.

"आता हनुवटीपर्यंत. अजून."

मी मागे सरकत गेलो. टेम्पोच्या पलीकडे, पाण्याच्या मोटरच्या खोलीपलीकडे. त्या मान जराही न हलवता बघत होत्या आणि हातानं खुणावत होत्या, अजून, अजून. माझी पाठ सोसायटीच्या फाटकाला टेकली.

"थांब," मावशी लांबून ओरडल्या. "आता अख्खा दिसलास!"