पाण्यात उभे राहिलेले काका

समुद्र प्रत्यक्ष पाहायच्या कितीतरी वर्षं आधी मी तो काकूच्या तोंडून ऐकला. गडमुडशिंगीतल्या आमच्या घराच्या मागच्या सोप्यात ती सकाळी ज्वारीचं पीठ चाळत बसायची आणि बाजारातला भाव सांगावा तितक्या सहज सांगायची, "काल आलतं. अंग समदं वलं हुतं." आलेले असायचे माझे मोठे काका. ते नौदलात होते. माझ्या जन्माआधीच्या लढाईत त्यांची बोट बुडाली, आणि बोटीबरोबर तेही. बोट बुडाल्याचं सरकारनं कळवलं. काका काही मिळाले नाहीत.

आम्हा लिंगायतांत माणूस गेला की जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि माती देतात. काकूचं घोडं इथंच अडलेलं. ज्याला कुणी बसवलंच नाही, तो उभाच असणार, असं तिचं साधं म्हणणं. तिच्या स्वप्नात काका सदा उभे असत. दारात, विहिरीच्या काठावर, कधी चुलीपाशी. धोतराच्या सोग्यातून पाणी निथळत असे. ती पाट टाके, बसा म्हणे, आणि ते नुसते बघत राहत. हे ऐकून ऐकून मलाही ते दिसायला लागले. पाचवीत असताना भर दुपारी शाळेतून येताना उसाच्या बांधावर मला ते उभे दिसले, आणि मी खुशाल हात हलवून पुढं गेले. त्या वयात बुडालेला माणूस भेटण्यात काही विशेष वाटत नाही. आणि आज खोटं कशाला बोलू, मला अजूनही ते फार विशेष वाटत नाही.

बाबा मात्र या गोष्टींत पडत नसत. ते काकांचे धाकटे भाऊ. त्या वर्षांत ते कागलच्या एमआयडीसीत पाळीला जायचे, आले की जेवायचे आणि गप्प बसायचे. काकांना ते अण्णा म्हणत. अण्णा हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज जरा खाली यायचा, एवढंच.

मी कोल्हापुरात नोकरीला लागले त्यानंतरची गोष्ट. खोल पाण्यातून त्या बोटीचा काही भाग वर काढला होता आणि आत काही जणांच्या अस्थी सापडल्या होत्या. कुणाच्या कुठल्या, हे ठरवायला घरच्या माणसांचं रक्त हवं होतं. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. नौदलाचा एक अधिकारी आणि एक डॉक्टर आमच्या घरी आले. आईनं चहा ठेवला. अधिकाऱ्यांनी बाबांना विचारलं, सख्खे भाऊ ना, एकाच आईचे? बाबांनी बाही वर सारली आणि म्हणाले, "सख्खा."

पुढचे काही महिने काकू बदलून गेली. तिनं घर सारवून घेतलं, जंगमांना भेटून आली, आमच्या रुद्रभूमीत सासऱ्यांच्या शेजारची जागा साफ करून घेतली. स्वप्नात काका आता जवळ आलेत, पाणी घोट्याइतकंच उरलंय, असं ती सांगे. मग त्या अधिकाऱ्यांचा फोन आला. एकाही अस्थीशी बाबांचं रक्त जुळलं नव्हतं. इतकी वर्षं पाण्यात राहिलेल्या हाडांतून आईकडून आलेला अंशच काय तो मिळतो, तेवढाच ताडून बघता येतो, आणि तो जुळत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. बाबांनी ते आम्हाला जसंच्या तसं सांगितलं. काकू म्हणाली, "म्हंजी अजून हुबंच हाईत." आणि उठून शेणी थापायला गेली.

बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंघोळ केली, कपाळाला विभूती लावली आणि मला म्हणाले, तुझ्या फोनवरनं त्या साहेबांना लाव. काकू समोरच बसली होती.

"साहेब, मी खोटं बोललो. आमी सावत्र हाय."

हे मला त्या क्षणी कळलं. काका दोन वर्षांचे असताना त्यांची आई गेली होती. माझी आजी त्या घरात दुसरेपणावर आली, आणि माप ओलांडून आत आल्यावर तिनं पहिल्यांदा त्या पोराला कडेवर घेतलं. मग तिनं घराला दम भरला की सावत्र हा शब्द इथं जो काढील त्याचं ताट घराबाहेर परड्यात वाढीन. आजी जाऊनही किती वर्षं झाली होती, पण बाबांच्या जिभेवर तिचा पहारा होता. एका डॉक्टरपुढं तो शब्द काढून अण्णाला परकं करायचं, हे त्यांच्यानं होईना. आईचा शब्द मोडला आणि भाऊपणही गेलं, असं ते फोन ठेवल्यावर म्हणाले. काकू इतकंच म्हणाली की तिला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं, पण ते बोलायचा मान तिचा नव्हता.

काकांच्या आईची धाकटी बहीण निपाणीच्या पलीकडं एका खेड्यात हयात होती. डॉक्टर तिचं रक्त घ्यायला गेले त्या दिवशी आम्हीही गेलो. म्हातारी निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलत होती. सुईकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. "अक्काचं लेकरू हाय त्ये. किती पायजे तेवढं घ्या," म्हणाली.

जुळलं.

काका आले ती दुपार मला झोपेत पाहिल्यासारखी आठवते. गल्लीभर माणसं होती आणि आवाज मात्र कुणाचाच नव्हता. पांढऱ्या कपड्यांतले नौसैनिक सावकाश चालत आले. पुढच्याच्या हातात एक पेटी होती, लहान लेकरू मावेल एवढी. अधिकाऱ्यांनी काकूपुढं येऊन सलाम केला. बाबा लांब गोठ्याच्या भिंतीला टेकून उभे होते, पाहुण्यांत उभं राहावं तसे.

काकूनं पेटीवर दोन्ही हात ठेवले, खूप वेळ ठेवले. मग भिंतीकडं बघून म्हणाली, "भावजी, हिकडं या. तुमच्या भावाला आत घ्या."

बाबा आले. त्यांनी पेटी छातीशी धरली आणि दाराकडं वळले. उंबऱ्यापाशी ते थांबले, मान खाली घातली, आणि रोज बोलावं तशा आवाजात म्हणाले, "अण्णा, वाकून ये. चौकट बसकी हाय."