मावशीच्या नावाची दोन बोटं

"आवो, जिना काय पळून चाललाय व्हय? आधी वर जाऊन मावशीला त्यो व्हिडिओ दावा. तुमी इराणातनं आल्यापासनं रोज इचारतीया ती."

"झाडून तरी हुं दे की. अर्ध्यात सोडलं तर खालची बाई लगीच दाराला चिठ्ठी चिकटवंल."

"चिकटवू दे. चिठ्ठीचं निमित्त सांगू नगासा. वर जायचंच तुमाला जड जातंय, दिसतंय मला."

बायकोला, उल्काला, दिसतंय म्हटल्यावर आत्मारामनं झाडू भिंतीला टेकवला आणि हात पँटीला पुसत तो वर निघाला.

आत्माराम खटाव तालुक्यातला गडी. जर्मनीतल्या गेर्लिंगेनात राहून त्याला बरीच वर्षं झालेली. पॅकिंगची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात तो इंजिनिअर होता. यंत्र गिऱ्हाइकाकडं नेऊन उभं करायचं, चालू करून द्यायचं, हे त्याचं काम. कारखान्यात इस्त्रीचं जर्मन, घरात खटावची बोली. त्या मुलखात जिना झाडण्या-पुसण्याच्या आठवड्याला केरवोखे म्हणतात. ज्याची पाळी, त्याच्या दाराला लाकडी पाटी अडकवायची. वरच्या मजल्यावरच्या महीनबाईचे गुडघे कामातून गेलेले, म्हणून तिची पाळीही आत्मारामच उरकायचा. पाटी तिच्या दाराला कधी चढायचीच नाही. उल्का तिला मावशी म्हणायची, मग तोही म्हणायला लागला. मावशीही त्या हाकेला ओ द्यायची; बाकी बोलणं जर्मनमधनंच.

महीनबाई इराणातल्या शिराझची. तरणी असताना नवऱ्याबरोबर तिथनं निसटली, ती पुन्हा गावाचं तोंड बघू शकली नाही. नवरा इथंच वारला. २०१७ च्या वसंतात कंपनी आत्मारामला शिराझला धाडणार, हे कळल्यावर तिनं त्याला बसवून घेतलं.

"तिथं एका बागेत आमच्या कवीची कबर आहे. दगडाला दोन बोटं लाव आणि माझं नाव घे. पिस्ते नको, केशर नको. एवढंच कर."

"एवढंच ना, मावशी? आमच्याकडं समाधीवर डोकं टेकवतात. मी बोटं लावायला लाजेन होय?"

आणि तिथंच तो लाजला होता.

वर मावशीनं चहा तयारच ठेवला होता. अंगावर ठेवणीतला निळा झगा, डोक्याचे केस विंचरलेले. देवळात निघाल्यागत बसली होती बाई. आत्मारामला ते बघूनच कसंतरी झालं.

"लावलीस बोटं?"

"लावली की, मावशी."

"दगड गार होता?"

"गार होता. वर खांबांवर छत्री आहे ना, ऊन लागत नाही." छत्री त्यानं खरोखर बघितली होती, म्हणून तेवढं तोंडातनं सरळ निघालं.

"नाव घेतलंस?"

"घेतलं."

तिनं डोळे मिटून मान हलवली. आत्मारामनं घाईनं फोन काढला, म्हणजे आणखी काही विचारायला नको. चित्र चालू झालं. पायऱ्या, खांब, नारिंगांची झाडं, छत्रीखाली पांढरा दगड. दगडाभोवती माणसं. एक पोक्त बाई दगडावर बोटं ठेवून पुटपुटत होती. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत त्यानं हे दोनदा बघितलं होतं, पण शेजारी माणसं म्हणून आवाज बंद करून.

"आवाज वाढव. आमच्या नारिंगांत बुलबुल असतात."

त्यानं वाढवला.

बुलबुल ऐकू आले. मग क्लाउसचा आवाज आला. क्लाउस म्हणजे त्याच्याबरोबर गेलेला वयस्क फिटर. तो विचारत होता, "आत्माराम, तुला नाही लावायची बोटं?"

आणि आत्मारामचा स्वतःचा आवाज, चोख जर्मनमध्ये, जवळनं, फोनच्या तोंडाशी: "आल्झो, म्हणजे कसं, मी इंजिनिअर आहे. दगड तो दगड. ज्यांना दुसरं काम नाही त्यांनी लावावीत." आणि वर हसणं.

मावशीची उभी हयात या देशात गेलेली. तिला जर्मन त्याच्याहून बरं येत होतं.

फोन बंद करावा तर बोट हलेना. क्लाउस हसला नव्हता. चित्रात तो पुढं आला, त्यानं टोपी काढून काखेत धरली, शेजारच्या बाईकडं बघून तशीच दोन बोटं दगडावर ठेवली आणि क्षणभर तसाच थांबला. मग चित्र हललं, आत्मारामचे बूट दिसले आणि संपलं.

त्या दिवशी त्याला भ्या वाटलं होतं ते एवढंच, की क्लाउस कँटीनमध्ये सांगेल, हा गडी दगडाला हात जोडतो. गावाकडं वाटेवरच्या शेंदूर लावलेल्या धोंड्यालाही आपसूक हात जोडणारा माणूस तिथं एक हात खिशात घालून, दुसऱ्या हातानं फोन धरून उभा राहिला. कुणी हसायच्या आधी आपणच हसून घेतलं. हसणारं तिथं कुणी नव्हतंच.

मावशीनं चहाची कपबशी त्याच्यापुढं सरकवली. साखरेचा खडाही ठेवला.

"तो टोपीवाला कोण?"

"क्लाउस. आमच्यातला फिटर."

"त्याला माझे आभार सांग."

"मावशी, मी..."

"चहा घे, निवतोय."

त्यानं घेतला. कडू का गोड ते कळलं नाही. उठताना ती म्हणाली, आवाज न चढवता, "तुझी पाळी उद्या संपते ना? पाटी माझ्या दाराला लाव. माझा आठवडा मी करीन."

"तुमचे गुडघे, मावशी..."

"गुडघे माझे आहेत."

तिनं दार लावलं, आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

खाली उल्का दारातच उभी होती. "दावला का? आवडला का मावशीला?"

"दावला."

"मग त्वांड का असं?"

"मी बोटं लावली न्हवती, उल्के. लावली म्हणून सांगितलं, आन् फोननं सगळं वकलं."

उल्कानं दारामागची बादली उचलून त्याच्यापुढं ठेवली. पाणी गार पडलं होतं. आत्माराम आत जाऊन ते बदलून आला, फडकं पिळलं, आणि वरच्या मजल्यावर मावशीच्या दाराशी गुडघे टेकून पहिली पायरी पुसायला लागला.