साठाव्या दिवसाची लिंक

डिसेंबरातला दुसरा रविवार, सातारा. सकाळी सात वाजता लॅपटॉप उघडला. अकराच्या सुमाराला शेवटची लिंक बदलून झाली, चहा घेतला... आणि साडेअकराला फोन आला.

आधी थोडं मागचं सांगतो. माझा धाकटा भाऊ सुहास कवठे महांकाळजवळ आमच्या गावी द्राक्षबाग करायचा. यंदा मार्चमध्ये तो गेला.

बागेत काय केलं, काय चुकलं, हे तो एका वेबसाइटवर लिहायचा. आठ-नऊ वर्षं लिहिलं. आसपासचे बागायतदार ते वाचून स्वतःच्या बागेची फवारणी आणि पाणी ठरवायचे... हे मला तो गेल्यावर कळलं.

वेबसाइटचा पत्ता होता त्याने एका मित्राबरोबर चालवलेल्या कृषी सेवा केंद्राच्या नावाने. ते दुकान आता बंद झालं. पत्ताही महिनाअखेरीस बंद होईल, असं मित्राने कळवलं. म्हणून मी नवीन डोमेन घेतलं, सगळी पानं तिकडे हलवली आणि खाली माझा फोन नंबर टाकला.

वाटलं, झालं काम. पण पानांच्या आतल्या लिंक अजून जुन्याच पत्त्यावर नेत होत्या. 'पुढचा दिवस'वर क्लिक केलं की माणूस परत जुन्या साइटवर... आणि महिना संपल्यावर तिथे काहीच नसणार. पानं राहिली असती, पण एकातून दुसऱ्यात जाता आलं नसतं. मग सुहासचं लिहिलेलं कुणी कशाला वाचलं असतं?

सगळ्या लिंक एकदम बदलता येतात म्हणे. मी करून पाहिलं, तर निम्म्या बिघडल्या. मग एकेक हाताने करायचं ठरवलं. पोस्टातून रिटायर झालेला माणूस मी, एकेक पत्ता बघायची सवय आहे. आणि खरं सांगायचं तर मला घाईही नव्हती... त्या निमित्ताने त्याची पानं वाचून होत होती.

पानांवर तारखा नाहीत. दिवस दहावा, दिवस तिसावा, दिवस साठावा... छाटणी झाल्यापासून मोजलेले. प्रत्येक वर्षात एकाच नावाची दोन-दोन पानं दिसली. हलवताना चुकून दोनदा चढली असणार, असं समजून मी वर दिसेल त्या पानाला लिंक जोडली आणि दुसरं न वाचताच सोडून दिलं.

तर साडेअकराचा फोन. गावचे जालिंदर अण्णा, सुहासच्या शेजारचे बागायतदार.

"आवं, साठाव्या दिवशी पाणी तोडायला सांगताय व्हय? मणी वाटाण्याएवढं झाल्यात माझं!"

मी म्हणालो, सुहासनेच तसं लिहिलंय.

"मग वर जाऊन शेड्यूल बदललं म्हणायचं त्यानं! न्हाई, तिकडं पाऊसपाणी बरं असंल... पण आमाला हितं कोरडाच माळ हाय की!"

सुहासची अशी चेष्टा नऊ महिन्यांत कुणी केली नव्हती. मला एकदम हसूच आलं... अण्णाही पलीकडे हसत सुटले.

लगेच सुहासच्या बायकोला, शैलाला फोन लावला. आता बाग तीच बघते. झालेला प्रकार सांगितला, तर ती जी हसायला लागली, ती थांबेचना. मार्चनंतर तिचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"भाऊजी, आमच्यात वर्साला दोन छाटण्या. एप्रिलातली काडी, म्हंजी घड धरणारी फांदी, तयार करायला, ऑक्टोबरातली द्राक्षाला. दोन्हीचे दिवस पहिल्यापासनं मोजायचे. एप्रिलच्या साठाव्याला पाणी तोडत्यात. आत्ताच्या साठाव्याला तोडलं तर मणी फुगायचं कसं? सगळ्या तालुक्याची बाग वाळवली असती की तुमी!"

आमच्या लहानपणी त्या रानात ज्वारी असायची. द्राक्षं आली तेव्हा मी नोकरीत होतो. घरच्या बागेचं पंचांग मला या वयात असं कळलं...

दुपारभर आम्ही फोनवर बसलो. मी पानाची पहिली ओळ वाचायची, तिने म्हणायचं, "एप्रिल." "ऑक्टोबर." "ह्ये बी ऑक्टोबर." मी लिंक जोडायची. मधेच ती थांबवायची. "त्या दिवशी ट्रॅक्टर रुतला हुता चिखलात, तेवढं बरं लिवलं न्हाई ह्यांनी!" नऊ महिने आम्ही दोघं एकमेकांशी फक्त कागदपत्रांचं बोललो होतो. त्या दुपारी सुहासची चेष्टा करत बसलो.

शेवटच्या पानाशी आलो तेव्हा तिने विचारलं, "आन् ह्याच्या पुढं?"

म्हणालो, पुढे काही नाही. 'पुढचा दिवस' असं त्याने लिहून ठेवलंय, पण लिंक रिकामी आहे.

ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

अर्ध्या तासाने तिचा मेसेज आला. 'दिवस साठावा, ऑक्टोबर छाटणी. पाणी चालू आहे. मणी वाटाण्याएवढे. भाऊजींनी पाणी तोडायला लावलं होतं, अण्णांनी वाचवलं. उद्याचं उद्या लिहिते.'

मी एका शब्दालाही हात न लावता त्याचं नवं पान केलं. सुहासच्या शेवटच्या पानावरच्या रिकाम्या लिंकला ते जोडलं आणि क्लिक करून पाहिलं... उघडलं.

नीट काम झालं असतं तर अण्णांचा फोन आला नसता, आणि शैला त्या दुपारी हसली नसती. चुकीबद्दल बागायतदारांची माफी मागतो, आणि अण्णांचे मनापासून आभार.

मग लॅपटॉप बंद केला. गॅलरीतले वाळलेले कपडे आत आणले आणि घड्या घालत बसलो.