कोरडा जोड, ओला माळा

माझा नवरा सुदर्शन हार्लेमच्या घरात माळ्यावर बिअर बनवतो. प्लंबरला बोलावणं त्याला अपमान वाटतो. ऐन उन्हाळ्यात पिंप थंड ठेवणाऱ्या पाण्याची नळी जोडापाशी गळू लागली. त्याने क्लॅम्प बदलून कचकचून आवळला, तरी तेच! पाणी गार करणारा कूलर चालू असला की जोड कोरडा, बंद केला की खाली तळं.

"असं उलटं कसं गं?" तो डोकं खाजवत बसला. फडकी माझी भिजत होती.

शेवटी मी वैतागून विचारलं, "नळी बसवताना काय लावलंस?"

"खोबरेल. सरकतच नव्हती."

"आणि हिवाळ्यात आंघोळीआधी त्याच बाटलीचं काय करतोस?"

"गरम पाण्यात ठेवतो. थिजलेलं असतं ना ते..."

त्याने जोडाला बोट लावून पाहिलं. "म्हणजे गार असेपर्यंत थिजलेलं तेलच फट बुजवत होतं!" मी फडकं त्याच्या हातात दिलं.