मांडुळाच्या घासाचे माप

सापाला किती मोठा उंदीर द्यावा? सत्तरच्या दशकात अनसिंगच्या शाळेत विज्ञान शिकवत असताना मी या प्रश्नाचे उत्तर शोधायला बसलो आणि पहिल्या दोन्ही वेळा चुकलो.

साप म्हणजे मांडूळ: बिनविषारी, जाडसर, शेपूट डोक्यासारखेच बोथट. कुंपणासाठी खड्डे खणताना त्याला फावडे लागले होते. जखम भरेपर्यंत त्याला प्रयोगशाळेतल्या काचेच्या पेटीत भुसभुशीत मातीवर ठेवायचे आणि मग शेतात सोडायचे, हे मी मुख्याध्यापकांकडून कबूल करून घेतले. पण तीन आठवडे त्याने काहीच खाल्ले नाही. कातडी सैल पडू लागली. असेच चालले तर जखम भरण्याआधी ते मरणार, हे दिसत होते.

त्याचे डोके बोटाच्या पेराएवढे. त्यावरून घासाचे माप ठरवून मी पेटीत नाकतोडे सोडले. ते दिवसभर उड्या मारत राहिले. मांडूळ मातीतून वर आले नाही.

शाळेच्या शिपाईमामांना हे पाहवेना. पंगतीत आग्रहाने वाढण्यात त्यांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. त्यांनी सापळ्यात चक्क घूस धरून आणली.

"मामा, ही तर सापाहून जाड आहे!"

"सर, पाव्हणा हाये तो आपला. पाव्हण्याले कोनी चिमटीनं वाढते काय? तुमी तर त्याले उपाशी मारून राह्यले."

मला ते पटले आणि तिथेच माझी दुसरी चूक झाली. घूस आत जाताच मांडुळाने अंगाचा गोळा करून डोके दडवले, आणि घुशीने त्याच्या पाठीकडे दात वळवले. मामांनी शेपटीला धरून तिला बाहेर ओढले, म्हणून निभावले.

घरी ही हकिगत सांगितली तेव्हा पत्नी पोट धरून हसली.

"अहो, बांगडी काय मनगट पाहून घेतेत? हात जिथी सगळ्यात रुंद, तिथूनच तिले जा लागते. अन् तुमी डोकं मोजून राह्यले!"

दुसऱ्या दिवशी मी मांडुळाचा सर्वांत जाड भाग दोऱ्याने मोजला. पत्नीने त्याच मापाची, आमच्या मुलीची तान्हेपणीची काळी बांगडी शोधून दिली. मामांनी ती पुठ्ठ्यात बसवून सापळ्याच्या दाराशी लावली. एक थोराड उंदीर तोंड खुपसून मागे फिरला. दुसरा सहज पार झाला.

"उंदरायले परीक्षेले बसवलं सरनं!" मामा म्हणाले.

पास झालेला उंदीर पेटीत सोडून मी शेजारीच उभा राहिलो. माती हलली. मांडुळाने झडप घालून विळखा आवळला, आणि मग डोक्याकडून सावकाश गिळायला सुरुवात केली. मुले बाकांवर चढून पाहत होती.

"जेवला रे, पाव्हणा जेवला!" मामा व्हरांडाभर ओरडत गेले आणि येताना सगळ्यांसाठी गूळ घेऊन आले.

त्याच बांगडीच्या मापाने आम्ही त्याला पुढेही खाऊ घातले. जखम भरल्यावर तुरीच्या बांधावर सोडले, तेव्हा मामांनी हात जोडले. "या पुन्यांदा. पन घुशीच्या मापाचे होऊन या!"

सापाच्या सर्वांत जाड भागाएवढा, त्याहून जाड नाही: हे माझे उत्तर. पण ते एकाच मांडुळावरून काढले आहे. ज्यांच्याकडे साप सांभाळायला असेल, त्यांनी दोरा घेऊन ते स्वतः पडताळून पाहावे, ही विनंती.