आईचा मुका दिवस

माझी आई झोपेतसुद्धा बोलायची. प्रताप नगरात दूधवाला, भाजीवाली, समोरच्यांची कामवाली, कोणीच तिच्या तावडीतून सुटत नसे. त्यामुळे तिनं माझ्या धाकट्या भावासाठी मुकं धरायचं ठरवलं तेव्हा मला हसूच फुटलं. भाऊ धरमपेठेतल्या एका दवाखान्यात होता, लिव्हर पार गेलेलं. तोही पडल्या पडल्या म्हणाला, "आई एक दिवस चुप राहिली त मी तसाच उठून बसतो, बुवा!" आईनं त्याला चापट मारली, सलाईनचा हात सांभाळून.

तिचं माहेर सातपुड्यात, अगदी वर. गावात एका महाराजांची समाधी आहे. त्यांच्या पुण्यतिथीला घरात कोणी आजारी असेल तर मुकं धरायचं. सकाळी पुजारी ओठांवर बुक्का लावतो. तेव्हापासून दहीहंडी फुटेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. काला तोंडात पडला की पहिला शब्द म्हणजे आजारी माणसाचं नाव, समाधीसमोर, मोठ्यानं. मध्येच बोललं तर सगळं वाया. मी असलं काही मानत नाही. पण जीप मीच ठरवली. कळमेश्वर गेलं, संत्र्याचे बगीचे गेले, घाट लागला, आणि उतरेपर्यंत आई बोलतच होती. दिवसभराचं आधीच उरकून घेत होती म्हणा ना.

बुक्का लागला आणि ती खरंच गप्प झाली. माहेरचं गाव, लहानपणच्या मैत्रिणी, वर्षावर्षाच्या गोष्टी तुंबलेल्या! त्याही वस्ताद. "काहून वं, आमच्यावर रुसली का? बोल नं वं!" म्हणून चिमटे काढत होत्या. आई खांदे हलवून हसायची आणि काळ्या ओठांवर बोट ठेवायची. मला तिचं फार कौतुक वाटलं. देवाला द्यायला तिच्याकडे याहून महागाचं काही नव्हतं.

गावात मोबाईल लागत नाही. लागतो तो फक्त वरच्या पाण्याच्या टाकीपाशी. पालखी निघायच्या आधी भावाची खबर घ्यावी म्हणून मी चढून गेले. भावजयीनं उचलला.

"ताई, गेले हो," एवढंच ती म्हणाली, आणि मग नुसती रडत राहिली. मागे कोणीतरी खुर्ची सरकवली, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

खाली ढोल वाजायला लागले होते. मी टाकीच्या भिंतीला टेकून खाली बसले आणि त्या महाराजाला शिव्या घातल्या. चांगल्या नागपुरी शिव्या. मग आठवलं, आईला सांगायचं आहे.

आत्ता सांगितलं तर ती किंचाळणार. आणि मग जन्मभर म्हणत राहणार, मी बोलली म्हणून माहा पोरगा गेला. तो आधीच गेला होता, हे तिला कितीही समजावलं तरी पटायचं नाही. मी ओळखते तिला. त्यापेक्षा होऊ दे पूर्ण. मग ती महाराजाला दोष देईल. देऊ दे! त्याचं काय जातं? तिनं स्वतःला खात बसण्यापेक्षा ते बरं. जीपवाल्याला तेवढं सांगितलं, गाडी तयार ठेव.

आई पालखीच्या वाटेवर तांब्या घेऊन उभी होती. मला बघून तिनं हात कानाशी नेला. केला का फोन?

"केला," म्हटलं.

तिनं हनुवटी उडवली. कसा आहे?

"झोपला आहे."

तिला बरं वाटलं. गालाखाली तळवा ठेवून, मान कलती करून तिनं खूण केली, झोपू दे. मग वाकून भोयांच्या पायांवर पाणी घातलं. मी तिचा पदर सावरत होते.

हंडी फुटली. पुजाऱ्यानं दहीलाह्या तिच्या तोंडात घातल्या. बुक्का हनुवटीवर ओघळला. आणि तिनं हाक मारली. शाळेतलं नाव नाही, पाळण्यातलं. मिशी फुटल्यापासून त्या नावानं हाक मारली की तो चिडायचा. लहानपणी संध्याकाळी मैदानातून त्याला घरी बोलवायची, अगदी त्याच आवाजात. मला हुंदका आवरेना. शेजारची एक बाई पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडू नको वं माय. होते सारं चांगलं."

आई तोंड पुसतच माझ्याकडे आली. डोळे नुसते चमकत होते.

"लाव वं फोन त्याले. उठव त्याले. एक शबद नाही बोलली म्हणा मी, एक! लय हासत होता मले!"

"इथं नाही लागत, आई. टाकीपाशी चल."

मी तिचा हात धरला आणि आम्ही चढायला लागलो. वाटभर ती बोलत होती.