खालच्या अंगाला बसवलेला सेन्सर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून आमच्या घरात काय लपतं, सांगा!

रत्नागिरीत माझं छोटं गॅरेज आहे. सुलभावहिनी, म्हणजे माझ्या दादाची बायको, मिरकरवाड्याच्या बंदरातून मासळी उचलते आणि व्हॅनने थेट संगमेश्वरपर्यंत विकत जाते. बाई हसरी, पण तोंडाची तिखट. दादा पेट्यांत बर्फ भरतो आणि ऐकून घेतो.

खाऱ्या हवेने व्हॅनचा सायलेन्सरचा पाइप सडला. नवा मी केला. त्यात ऑक्सिजन सेन्सर असतात — धूर साफ करणाऱ्या डब्याच्या आधी एक, नंतर एक. आधीचा महत्त्वाचा, त्याच्या सांगण्यावर इंजिन पेट्रोल घेतं. तो पाइपच्या वरच्या अंगाला बसवायचा. खाली बसवला तर पाइपात साचलेलं पाणी त्याच्यावर येतं आणि तो मरतो. मला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण वर हात पुरेना, घरी कोलंबीचं कालवण वाट बघत होतं — बसवला खाली.

थोड्याच दिवसांत व्हॅन चढाला आचके देऊ लागली. सेन्सर बदलला, तोही गेला. वहिनी पोचेपर्यंत गिऱ्हाईक पांगलेलं. ती म्हणाली, "भावोजी, काय झालाय हो हिला?" आणि मी — काय सांगू तुम्हाला — मी म्हणालो, "पेट्यांचं पाणी गळतंय खाली."

पेट्या कुणाच्या हातच्या? दादाच्या. वहिनीने त्याला असं फैलावर घेतलं की बोलूच नका. तो रोज गाडीखाली झोपून फडक्याने पुसायला लागला. ते मला बघवेना. एका दुपारी मी गुपचूप नवा सेन्सर वरच्या अंगाला बसवला, खालचं भोक बुजवलं.

नेमकं त्याच संध्याकाळी वहिनीने देवळात गाऱ्हाणं घातलं. गुरव नारळ धरून म्हणाला, "ह्या लेकराच्या हातून पाणी सांडला, गाडीला बाधला, त्याची चूक पदरात घे रे म्हाराजा!" दादा हात जोडून, मान खाली घालून उभा. सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज कुणाचा होता? माझा.

दुसऱ्या दिवशी व्हॅन चढ असा चढली की वहिनी दुपारच्या आत रिकाम्या पेट्या घेऊन हसत घरी. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू — आम्ही सगळेच खिदळत होतो. रात्री सुरमई तळली. दादाने सगळ्यात मोठी तुकडी माझ्या ताटात वाढली. म्हणाला, "ही माझ्या भावाला. देवळात माझ्यासाठी केवढ्यान वरडला!"

मी ती खाल्ली. चवीने खाल्ली.